रुसणारीची खुर्ची

दुकानाच्या काचेच्या दारातून माणसांचा घोळका आत शिरला की मन्मथअप्पा हातातलं काम टाकून उभे राहायचे, डोळे बारीक करायचे आणि दहा मोजायच्या आत माझ्या कानाशी येऊन सांगायचे, "ती बघ माय. चॉकलेटी पिशवीवाली. ती रुसनार."

आणि ती रुसायचीच. कधी दोन तासांनी, कधी पार बिल होताना. पण अप्पांनी दाखवलेली बाई सोडून दुसरीच रुसली, असं मी तिथं होते तेवढ्या दिवसांत एकदाही झालं नाही.

मी एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला होते. कॉलेजच्या नियमाप्रमाणे आठ आठवडे कुठल्या तरी कंपनीत इंटर्नशिप करावी लागते. वर्गातल्या पोरी पुण्याला गेल्या आणि गळ्यात ओळखपत्र घालून काचेच्या इमारतींसमोर काढलेले फोटो पाठवू लागल्या. माझ्या वाट्याला बीड आलं. जालना रोडवर एका मोठ्या कंपनीनं कपड्यांचं दोन मजली दुकान काढलं होतं, तिथं. ओळखपत्र मलाही मिळालं. फोटो मात्र मी कुणाला पाठवला नाही.

काम सोपं होतं. हातात एक टॅब. गिऱ्हाईक आलं की त्याच्यावर नजर ठेवायची आणि फॉर्म भरायचा. किती वाजता आलं, किती वेळ थांबलं, काय घेतलं. काही घेतलं नसेल तर कारण. कारणांचे पर्याय चार: किंमत, रंग, साइज, इतर. यातला 'इतर' शक्यतो वापरायचा नाही, असं आमचे मॅनेजर सौरभ सर यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सर पुण्याचे, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, मनापासून काम करणारे. "डेटा काय म्हणतो?" हे त्यांचं पालुपद. 'इतर' लिहिणं म्हणजे नीट न बघणं, असं त्यांचं मत होतं, आणि तेव्हा ते मला पटलंही होतं.

मन्मथअप्पांच्या छातीवरचं कार्ड सांगायचं की ते 'फॅशन कन्सल्टंट' आहेत. साठीला टेकलेले, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगात कंपनीचा नारिंगी टी-शर्ट आणि त्याच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत 'मी आपली मदत करू का?' हे पाठीवरचं वाक्य अप्पांना कधीच पचलं नाही. "मदत मागनारा समोरून येतो," ते म्हणायचे, "मंग पाठीवर कावून लिवलंय बे ह्यांनी?" मग मी मुलगी आहे हे आठवून 'बे' गिळायचे आणि पुन्हा 'माय' म्हणायचे.

या दुकानात यायच्या आधी पस्तीस वर्षं ते जुन्या पेठेतल्या एका कापड दुकानात गादीवर बसून साड्या दाखवत होते. मालक गेले, पोरांनी जागा मोबाइलवाल्याला भाड्यानं दिली, आणि आमच्या कंपनीनं अप्पांना उचललं. गादी गेली, हँगर आले. हँगरवर अप्पांचा राग होता. "साडी काय फाशी द्यायची वस्तू हाय का?" असं म्हणत ते सर जेवायला गेले की चार-सहा साड्या उतरवून त्यांच्या घड्या घालून ठेवायचे. त्यांची घडीही जगावेगळी. पदराचा एक कोपरा विड्याच्या पानाएवढा बाहेर ठेवायचे, म्हणजे साडी न उलगडता पदर कसा आहे ते कळावं. बीडमधल्या जुन्या बायका ती घडी बघून म्हणायच्या, ही मन्मथअप्पाची.

आता बस्त्याचं सांगितलं पाहिजे. आमच्याकडं लग्नाचे कपडे एकेकटं जाऊन घेत नाहीत. दोन्हीकडची वीस-पंचवीस माणसं गाड्या करून येतात आणि नवरीच्या शालूपासून मामाच्या टोपीपर्यंत सगळं एका दुकानात, एका बैठकीत घेतात. तो बस्ता. त्यात कापड हे निमित्त असतं. कुणाला आधी विचारलं, कुणाला मागाहून, यावर नात्यांची पुढची वीस वर्षं ठरतात. आणि प्रत्येक बस्त्यात कुणीतरी एक रुसतं.

ती कोण हे अप्पांना कसं कळायचं? मी वही-पेन घेऊनच विचारलं होतं.

"भांडनारी रुसत न्हाई," ते म्हणाले. "तिचं भांडून मोकळं झालेलं असतंय. जी म्हनती ना, मला काय, काईबी चालंल, तिच्यावर ध्यान ठिव."

अशी बाई हेरली की अप्पा ट्रायल रूमच्या मागून एक प्लॅस्टिकची खुर्ची काढायचे, एसीच्या झोताखाली मांडायचे आणि तिला बसवायचे. नवरदेवाचा बाप उभा, मामा उभा, आणि ही कोपऱ्यातली बाई खुर्चीत. मग पहिला चहा तिच्या हातात. पहिली साडी तिच्यासमोर. "तुमाला काय वाटतंय बाई?" हा पहिला प्रश्नही तिलाच.

खुर्चीवरून सरांचं आणि अप्पांचं रोजचं युद्ध होतं. गिऱ्हाईकानं फिरत राहावं, बसलं की खरेदी थांबते, असं कंपनीचं शास्त्र. सर खुर्ची गोडाऊनला पाठवायचे. दुसऱ्या दिवशी ती जागेवर.

"अप्पा, खुर्ची कुणी आणली?"

"आली असंल साहेब."

"अप्पा, बसलेला कस्टमर खरेदी करत नाही."

"उभ्यानं भाजी घेत्यात साहेब. बस्ता न्हाई."

मी अर्थात सरांच्या बाजूची होते. एका दुपारी माझे डोळे उघडले. अप्पा दोन वाजता मागच्या जिन्यावर बसून डबा खायचे. त्या अर्ध्या तासात आग लागली तरी त्यांना उठवायचं नाही, असा दंडक होता. नेमका तेव्हाच गेवराईकडचा एक बस्ता आला. मला वाटलं, आपणच सांभाळू. त्यात नवरदेवाची एक आत्या होती. गळ्यात जाडजूड सोनं, आणि दुकानात शिरल्यापासून तोंड बंद नाही. मी ओळखलं, हीच. पहिला चहा तिला दिला, पहिली साडी तिला दाखवली. खांबाला टेकून उभी असलेली एक सडपातळ बाई मध्येच म्हणाली, "मला काय ताई, काईबी चालंल." हे मी ऐकलं होतं. ऐकून टॅबवर 'लवचिक ग्राहक' अशी नोंदही केली होती.

दोन तासांनी काउंटरवर कपड्यांचा ढीग लागला आणि ती लवचिक बाई म्हणाली, "माझं डोकं दुखायलंय. मी गाडीत बसते." ती गेली. तिचा नवरा तिला बघायला गेला. नवऱ्याला बघायला सासरा गेला. सासऱ्यानं बाहेरूनच हाक मारली आणि बाकीची वऱ्हाडी मंडळी एकेक करून निघून गेली. आत्या शेवटी गेली, माझ्याकडे रागानं बघत. ती बाई नवरदेवाची थोरली भावजय होती, आणि तिच्या वाटणीची साडी कुणीच तिला विचारून निवडलेली नव्हती.

अप्पा ढिगाऱ्यापाशी येऊन उभे राहिले. रागावले नाहीत.

"पैला चहा कुनाला दिलता?" एवढंच विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि साड्यांच्या घड्या घालायला बसले. मी फॉर्मवर कारण लिहिलं: रंग. ते डोकावून म्हणाले, "रंग न्हाई माय. तिला कुनी इचारलंच न्हाई." असा पर्याय फॉर्ममध्ये नव्हता.

त्यानंतर मी अप्पांच्या हाताखाली शिकू लागले. त्यांच्या बाकीच्या खोडीही मग रोजच्या झाल्या. त्यातली एक माझ्याशीच बांधलेली होती. मी मूळची वडवणीची. मंगळवारी सुट्टी असली की घरी जाऊन यायची. बुधवारी सकाळी मी ओळखपत्र गळ्यात घालायच्या आत अप्पा विचारायचे, "बसस्टँडमागची गिरनी चालू व्हती का?"

"होती."

"पट्ट्याचा आवाज येतो का अजून, खडखड?"

"येतो."

"बरं." आणि विषय संपला. आमची सुट्टी, आईची तब्येत, पाऊस-पाणी, कशाचीच चौकशी नाही. फक्त पिठाची गिरणी. एकदा मी सहज म्हणाले की काल बंद दिसली. त्या दिवशी अप्पांनी नवरीकडच्या साड्या नवरदेवाकडच्यांना दाखवल्या आणि तीन घड्या उलट्या घातल्या. शेवटी मीच आईला फोन करून विचारलं. लाइट गेली होती, इतकंच. ते ऐकून अप्पा जिन्यावर गेले आणि उशिरा का होईना, डबा खाल्ला. म्हातारपणी माणसाला कशाचंही वेड लागतं, असं मी मनात म्हटलं.

सहाव्या आठवड्यात मालाची मोजणी झाली. यंत्रानं किमतीच्या सगळ्या चिठ्ठ्या वाचल्यावर चार साड्या कमी निघाल्या. विकलेल्या नाहीत, दुकानातही नाहीत. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"हे तुझ्या इंटर्नशिपच्या रिपोर्टला चांगलं आहे," ते म्हणाले. "शोधून काढ. आणि कुणी मुद्दाम लपवल्या असतील तर त्याला घरी जावं लागेल. कितीही जुना असो."

'कितीही जुना' म्हणताना ते काचेतून साड्यांच्या विभागाकडे बघत होते.

मला शोधायला दहा मिनिटं लागली. नवरीचा पुतळा ज्या लाकडी चौथऱ्यावर उभा होता, तो आतून पोकळ होता. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या चार साड्या. चारही साड्यांच्या पदराचा कोपरा बाहेर. तीन नव्या होत्या. चौथी जांभळी, हिरव्या काठांची, तिच्यावर गेल्या वर्षीची चिठ्ठी. खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंदच झाला. रिपोर्टच्या त्या पानाचं शीर्षकसुद्धा डोक्यात तयार झालं.

दुपारी मी जिन्यावर अप्पांच्या शेजारी जाऊन बसले आणि पुडकं मध्ये ठेवलं. त्यांनी नाकारलं नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "तीन रुसव्याच्या हायत."

म्हणजे असं की, एखादी बाई खुर्चीला आणि चहालाही बधली नाही, रुसून गाडीत जाऊन बसली, तर अप्पा यातली एक घेऊन गाडीपाशी जायचे आणि म्हणायचे, "बाई, ही कुनालाच दावली न्हाई. तुमच्यासाठी बाजूला ठिवलती." साडी कशी आहे हे मग ती बाई बघायचीच नाही, असं त्यांचं म्हणणं. रॅकवरून काढून दिली तर मात्र ती लगेच ओळखते.

"आणि चौथी?"

अप्पांनी डब्याचं झाकण लावलं. "तिचं गिऱ्हाईक यायचं हाय अजून."

"कोण?"

ते डबा पिशवीत घालू लागले. मला वाटलं, सांगणार नाहीत.

"माझं लगीन ठरलं तवा बस्ता आमच्याच दुकानात व्हता," ते म्हणाले. "मालक म्हनले, मन्मथ, तू नवरदेव असशील तुझ्या घरी. साड्या तूच दाव. मंग बसलो गादीवर. सवताचा बस्ता सवताच दावला. पाच तास."

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

"आई लहानपनीच गेलती. मला अक्कानं वाढवलं. थोरली बहीन. करवलीचा मान तिचा. ती मागं बसलती, भितीला टेकून. एक जांभळी साडी व्हती, हिरव्या काठाची. अक्कानं नुसता काठाला हात लावला. तेवढ्यात नवरीची मावशी म्हनली, ती दावा हिकडं. मी दिली. हात सवयीनं गिऱ्हाईकाकडं गेला माय. घरचं मानूस मागं ऱ्हातंय. सगळं झाल्यावर म्हनलं, अक्का, तुला कोनती? ती म्हनली, काईबी चालंल."

"मग?"

"मंग काय. मला खरंच वाटलं. उरल्यातली एक दिली."

त्याला तीस वर्षं झाली होती. अक्का लग्नाला जुनी साडी नेसून आली आणि न जेवता गेली. तेव्हापासून ती मयताला येते, कार्याला येत नाही. भाऊबीजेला अप्पा दोनदा साडी घेऊन गेले, उंबऱ्यात ठेवून आले. दोन्ही वेळा साडी दुसऱ्या दिवशी यष्टीच्या कंडक्टरच्या हाती परत आली. मग त्यांनी जाणं सोडलं. पण दुकानात तसली साडी आली की एक बाजूला काढायची, वर्षभर ठेवायची आणि परत मालात घालायची, हे काही सुटलं नव्हतं.

"कुठं असतात त्या?" मी विचारलं.

"वडवनीला. बसस्टँडच्या मागं गिरनी हाय तिची."

गिरणीवाल्या अक्का. मी लहानपणापासून त्यांच्याकडे दळण घेऊन जात होते. भुवयांवर पीठ, तोंडात दोनच शब्द: "ठिव तितं." मला फार वाईट वाटलं. एवढे दिवस दर बुधवारी मी नुसतं 'होती' आणि 'येतो' म्हणत आले होते.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं की पुतळे बदलताना चार साड्या चौथऱ्यात राहून गेल्या असाव्यात. सरांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डेटा काय म्हणतो हे विचारलं नाही. फक्त म्हणाले, "जांभळी जुनी आहे. शुक्रवारच्या गाडीनं पुण्याला परत जाईल." शुक्रवार यायच्या आधीच अप्पा नारिंगी टी-शर्ट घालून गिऱ्हाइकांच्या रांगेत उभे राहिले आणि ती साडी विकत घेतली.

सोमवारी त्यांनी पिशवी माझ्या हातात दिली. "उद्या जातीस न्हवं?"

"कुणी दिली म्हणून सांगू?"

"काई सांगू नकू. दिऊन ये."

मंगळवारी मी गिरणीत गेले तेव्हा दळण चालू होतं. अक्कांनी हात पुसून पिशवी घेतली, साडी बाहेर काढली. पदराचा तो कोपरा दिसला आणि त्यांचा हात थांबला. त्यांनी वळून गिरणी बंद केली. ती खोली मी इतकी शांत कधी पाहिली नव्हती.

"बरा हाय का?"

"आहेत."

त्या कितीतरी वेळ हिरव्या काठावरून बोट फिरवत होत्या. मग चेहरा पुन्हा होता तसा झाला. "मला हा रंग न्हाई आवडला. वापस ने."

आता मी यावर काहीतरी समजुतीचं बोलायला हवं होतं. पण आठवडेच्या आठवडे एकच वाक्य घोकलेलं, तेच तोंडातून बाहेर पडलं. "मॅडम, पंधरा दिवसांत बदलून मिळेल. पावती पिशवीतच आहे. फक्त गिऱ्हाइकानं स्वतः यावं लागतं."

शेवटचं वाक्य कंपनीच्या नियमांत होतं की नाही, हे आता मला नक्की आठवत नाही.

"सवताच?"

"स्वतःच."

"लईच कडक हाय की तुमचं दुकान," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी गिरणी सुरू केली.

बुधवारी अप्पांनी काहीच विचारलं नाही. गिरणीचंसुद्धा नाही. मीही आपणहून सांगितलं नाही, कारण काय सांगायचं ते मलाच कळत नव्हतं. मी फक्त इतकंच म्हणाले की साडी परत आलेली नाही.

माझ्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी बाराच्या सुमारास, काचेच्या दारातून एक म्हातारी बाई एकटीच आत आली. काखेत आमच्याच दुकानाची पिशवी. अप्पांनी सवयीनं डोळे बारीक केले. पण या वेळी ते माझ्या कानाशी आले नाहीत. हातात हँगर धरून तसेच उभे राहिले, आणि खुर्ची आणायचं त्यांना सुचलं नाही.

खुर्ची मी आणली. एसीखाली मांडली. अक्का बसल्या. पहिला चहा मी त्यांच्या हातात दिला.

"अक्का," अप्पा म्हणाले, "काय दावू?"

"दाव की. बघू काय काय हाय ते."

अप्पांनी पुतळे झाकायची पांढरी चादर आणली, फरशीवर अंथरली आणि मांडी घालून बसले. रॅकवरच्या साड्या एकेक करून हँगरवरून उतरल्या. सर केबिनमधून धावत आले. "हे काय चाललंय?"

"डेटा घेतेय सर," मी म्हणाले.

सरांनी चादरीकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, आणि अप्पांच्या तोंडाकडे बघून ते परत केबिनमध्ये गेले.

"काठ बारीक हायत," अक्का म्हणत होत्या.

"व्हय."

"ही धुतली की रंग जाईल."

"बराबर हाय."

"ही सुनंला शोभंल. मला काय करायची?"

"व्हय, बराबर हाय." तीस वर्षांबद्दल कुणीच एक शब्द काढला नाही. चाळीसेक साड्या बघून झाल्यावर अक्कांनी आपली पिशवी मांडीवर घेतली आणि त्यातल्या जांभळ्या साडीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. हीच बरी हाय."

उठता उठता त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "पावनेतीन झालेत. जेवला न्हाईस का अजून?"

"न्हाई."

"मंग जेव की," अक्का म्हणाल्या, आणि पिशवी काखेत मारून निघाल्या.

अप्पा दारापर्यंत गेले आणि रिक्षा वळेपर्यंत काचेपाशी थांबले. परत आले तेव्हा चादरीवर साड्यांचा ढीग तसाच होता. अशा ढिगाला ते एरवी कुणाला हात लावू देत नसत. त्या दिवशी म्हणाले, "माय, घड्या आज तू घाल." आणि स्वतः त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले. मी त्यांना चहा आणून दिला. मग टॅब उघडला.

थांबण्याचा वेळ: दोन तास चाळीस मिनिटं. खरेदी: नाही. कारण: इतर.